मुलं परसात खेळायला जातच नाहीत, काय करू?

गुहागरला राहतो, मागे आगर आहे, माड-पोफळी, विहिरीला जाळी पण टाकलीय, तरी दोघं (७ आणि ४ वर्षं) शाळेतून आली की मोबाईल धरून बसतात. खूप काळजी वाटते हो. कोणी काय केलंय?

– ताई, नुसतं जा म्हणू नका, खेळ लावून द्या. पोफळीची झावळी पडली की विरीवर (झावळीच्या बुडाच्या रुंद भागावर) एकाने बसायचं आणि दुसऱ्याने शेंड्याला धरून फरफटत न्यायचं, आमची पोरं अंधार पडला तरी आत येत नाहीत. चिऱ्याचे चपटे तुकडे रचले की लगोरी.

– लगोरी मस्तच, पण माडाखाली नको, आधी नारळ उतरवून घ्या. आणि आपल्याकडे फुरसं (विषारी साप) असतं, चिऱ्यांच्या ढिगात, पातेऱ्यात (सुक्या पानांत) हात घालू देऊ नका, पायात चप्पल हवीच.

– डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या सूचनेत ४ वर्षांच्या मुलाला स्क्रीन दिवसाला १ तासाच्या वर नको आणि हालचाल किमान १८० मिनिटं हवी असं आहे. सुरुवातीला तुम्ही पण सोबत उतरा, शेजारची पोरं बोलवा, एकटं कोण खेळणार!