मदत हवी आहे : लेकरांचं आय-ट्रॅकिंग, कॅलिब्रेशन होतं पण नजर खाली सरकते

परभणीची_बालविकास
पीएच.डी.साठी ६ ते १० महिन्यांच्या लेकरांचं आय-ट्रॅकिंग, म्हणजे स्क्रीनवर नजर कुठं जाते ते कॅमेऱ्यानं टिपायचं काम चालू आहे. स्क्रीनखाली लावायचा ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० नोंदी) ट्रॅकर, जागा जिंतूर तालुक्यातली पत्र्याची अंगणवाडी. पाच बिंदूंचं कॅलिब्रेशन (ठरावीक बिंदू दाखवून ट्रॅकर डोळ्यांशी जुळवणं) सॉफ्टवेअर ‘ठीक’ म्हणतं, पण मधे दाखवलेल्या खुळखुळ्यावरची नजर दोन-अडीच सेंमी खाली पडते. दुपारी तर अर्धे सँपल (नजरेच्या नोंदी) गायब. मोठ्या माणसांवर हाच सेटअप नीट चालतो. नवीन ट्रॅकरचं बजेट नाही. काय तपासू?

बुबुळ
ताई, ६० सेंमीवरून १ अंश म्हणजे साधारण १ सेंमी. तुमची चूक दोन अंशांच्या आसपास आहे, तेवढ्यात स्क्रीनवरच्या चेहऱ्याचे डोळे आणि नाक यांची अदलाबदल होते.

आधी काजळ बघा. डार्क-प्युपिल पद्धतीत इन्फ्रारेड कॅमेरा बाहुली काळी चकती म्हणून शोधतो. काजळही तितकंच काळं दिसतं. खालच्या पापणीची रेघ बाहुलीला चिकटली की चकतीचं केंद्र खाली ओढलं जातं, आणि ते दर क्षणी वेगळं, म्हणून कॅलिब्रेशन ते सावरू शकत नाही. मोठ्यांच्या चाचणीत काजळ नसेल तर तुमचं कोडं तिथंच सुटलं.

दुसरं, उंची. लेकरू खाली बसून ट्रॅकर डोळ्यांच्या वर गेला तर वरची पापणी बाहुली झाकते. ट्रॅकरनं खालून किंचित वर बघायला हवं.

दुपारचा दोषी ऊन. उन्हात इन्फ्रारेड भरपूर, पत्र्याच्या भोकातला एक कवडसा गालावर पडला तरी पुरे. भोकं बुजवा, खिडकीला गोधडी टांगा, उजेडाला एलईडी लावा. जुना पिवळा बल्ब नको. शक्यतो सकाळीच उरका.

परभणीची_बालविकास
काजळ नको म्हटलं की आज्या नाराज होतात. आणि आईच्या मांडीवर बसवलं तर चालेल?

बुबुळ
अंगणवाडीताईंकडून आदल्या दिवशीच निरोप द्या, आणि तीट कानामागे किंवा तळपायाला लावा म्हणावं. वाद मिटतो. आलेलं काजळ ओल्या मऊ फडक्यानं पुसा. तेलानं नको, चकाकी राहते.

मांडी चालते, पण ट्रॅकर आईचेच डोळे पकडतो. तिला काचा पूर्ण झाकलेला चष्मा द्या. चित्र न दिसल्यानं तिचे नकळत होणारे इशारेही थांबतात. लेकरू फार वळवळलं तर कार-सीट बरी.

आकडेमोड
सॉफ्टवेअरच्या ‘ठीक’वर जाऊ नका, त्याला डेटा मिळाला एवढाच त्याचा अर्थ. बिंदूचं चित्र ५ सेंमीचं असेल तर लेकरू त्याच्या कुठल्याही कोपऱ्याकडे बघतं. आवाजासह मोठं सुरू करून १ सेंमीपर्यंत आक्रसू द्या, नजर बसली की तुम्ही बटण दाबा. बिघडलेला बिंदू तेवढाच परत घ्या, पाचही नको. लेकराचा धीर तिथंच संपतो.

खुळखुळा ठेवाच, दर चार-पाच चाचण्यांनंतर. सरक सगळीकडे सारखी असेल तर नंतर वजा करता येते. कोपऱ्यागणिक वेगळी असेल तर नाही.

एओआयभोवती (चित्राचा जो भाग मोजायचा त्याभोवती) दीड अंश मोकळा ठेवा. नेहमीचा वेगाधारित फिल्टर लेकरांच्या गोंगाटी डेटात एक फिक्सेशन (नजर एका जागी थांबणं) तोडून चार करतो; २०१७ चा आयटूएमसी (I2MC) अल्गोरिदम त्यासाठीच आहे, पायथॉनमध्ये फुकट मिळतो. ६० हर्ट्झवर दोन सँपलमध्ये १६.७ मिलिसेकंद जातात, तेव्हा ‘किती वेळ बघितलं’ हे मोजा, सॅकेडचा (नजरेच्या उडीचा) वेग नको. आणि किती टक्के डेटा गेला की चाचणी बाद, हे गोळा करण्याआधी लिहून ठेवा.