मदत हवी आहे: समलिंगींना संरक्षण देणाऱ्या शहरी कायद्यातलं सवलतीचं कलम

अमेरिकेतल्या शहरी कायद्यांचे मसुदे करणाऱ्यांनी कृपया सांगावं. 2021 च्या फुल्टन निकालात (समलिंगी जोडप्यांना मुलांचे तात्पुरते पालक म्हणून मान्यता न देणाऱ्या कॅथलिक संस्थेचा शहराशी वाद) फिलाडेल्फिया सर्वोच्च न्यायालयात 9-0 ने हरलं, ते संस्थेशी केलेल्या करारातल्या एका ओळीमुळे: सूट देणं ‘सर्वस्वी आयुक्तांच्या मर्जीवर’. ती सूट कधीच कुणाला दिली नव्हती, तरी नियम सर्वांना सारखा लागू राहिला नाही आणि 1990 च्या स्मिथ निकालाचं कवच (सर्वांना सारखा लागू असलेला नियम धर्माच्या आड आला तरी चालतो) गेलं. त्यामुळे नव्या मसुद्यातून मर्जीचा शब्दच काढावा, असं माझं ठाम मत आहे.

खरी अडचण पुढे आहे. मालक स्वतः राहतो अशा चार घरांपर्यंतच्या इमारतीला घरांबाबतच्या भेदभावविरोधी केंद्रीय कायद्यासारखी सूट ठेवली, तर 2021 च्याच टँडन निकालाच्या आधारे (तुलना होण्याजोगी एकही धर्मेतर सूट दिली, तर धार्मिक आचरणाला ती नाकारायला फार सबळ कारण लागतं) धार्मिक संस्थाही तशीच सूट मागतील का? कलमाची शब्दरचना कशी ठेवावी?