प्लास्टरचं उक्तं काम: माप, पोकळ, राखीव रक्कम आणि अडलेली मजुरी यांचा हिशेब कसा करायचा?

थापी_परभणी (प्रश्न)

पुण्यातल्या एका साइटवर आमच्या भागातल्या सात जणांच्या गँगने, म्हणजे 3 गवंडी आणि 4 बिगारी, चार सारख्या फ्लॅटचं आतलं प्लास्टर उक्तं, म्हणजे रोजावर नाही तर फुटाच्या दराने, घेतलं. दर 22 रुपये चौरस फूट. माल ठेकेदाराचा, पहाड (उंचावर काम करायचा मचाण) बांधणं आणि पाणी मारणं गँगकडे. काम 30 दिवस चाललं, शिवाय क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) न आल्यामुळे 4 दिवस गँग बसून होती. सुरुवातीला उचल (आगाऊ रक्कम) 20,000. खर्ची (मजुरीपोटी खर्चाला दिलेले पैसे) दर आठवड्याला माणशी 1,500, पाच आठवडे.

गँगचं माप भिंती आणि छत धरून 10,400 चौ. फूट, म्हणजे एका फ्लॅटला 2,600. ठेकेदार सगळी ओपनिंग वजा करून 9,028 धरतो. त्यातून खर्ची आणि उचल गेली. वर पोकळ (भिंतीपासून सुटलेल्या) प्लास्टरचे 15,000 आणि 5 टक्के राखीव (काम टिकतं का बघेपर्यंत अडकवलेली रक्कम) कापून हातात 1,01,185 देतो म्हणतो. गँगच्या मापाने खर्ची-उचल जाऊन 1,56,300 यायला हवेत.

एका फ्लॅटची ओपनिंग अशी: आतले दरवाजे 5 (3×7), मेन दरवाजा 1 (3×7), खिडक्या 4 (4×4, फ्रेम बाहेरच्या अंगाला), व्हेंटिलेटर 2 (2×1.5), बाल्कनीचा स्लायडिंग दरवाजा 1 (6×7). बाहेरचं प्लास्टर आणि बाल्कनी दुसऱ्या गँगकडे.

माप कुणाचं बरोबर? 15,000 आणि 5 टक्के कापता येतात का? नाहीच दिले तर जायचं कुठे?

---

मापवही

दोघांचंही चूक आहे. गँगने काहीच वजा केलं नाही आणि ठेकेदाराने सगळंच वजा केलं.

चिठ्ठीत वेगळं ठरलेलं नसेल तर आयएस 1200 भाग 12, म्हणजे बांधकाम मोजण्याचं भारतीय मानक, त्याची पद्धत धरतात. फुटांत ती अशी होते. ओपनिंग साधारण 5.4 चौ. फुटांपर्यंत असेल (0.5 चौ. मीटर) तर काहीच वजा नाही. 5.4 ते 32.3 चौ. फूट (3 चौ. मीटर) असेल आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना एकच प्लास्टर असेल, तर एकाच अंगाचं ओपनिंग वजा करायचं. दुसऱ्या अंगाचं सोडतात, कारण आतल्या कडा, खालची आणि वरची बाजू करायला तेवढी मेहनत जाते. त्या कडा मग वेगळ्या मोजायच्या नाहीत. 32.3 च्या वर असेल तर पूर्ण वजा, पण कडा मोजून मिळवायच्या.

तुमच्या फ्लॅटला लावून बघू. आतले पाच दरवाजे प्रत्येकी 21 चौ. फूट. ठेकेदाराने दोन्ही अंगांनी 210 काढले, जायला हवेत 105. व्हेंटिलेटर 3 चौ. फुटांचा, तो वजा होतच नाही. त्याने 6 काढले. स्लायडिंगचे 42 गेले ते बरोबर, पण दोन उभ्या आणि वरची एक अशा 20 रनिंग फूट कडा आहेत. त्या 6 इंच खोल असतील तर 10 चौ. फूट मिळवायचे. मेन दरवाजाचे 21 तुमच्यातून गेले असं धरा, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

खिडक्यांचं जरा नीट बघा. आत एक प्रकारचं प्लास्टर आणि बाहेर वेगळं असेल, तर फ्रेमच्या ज्या अंगाला कड कमी रुंद आहे त्या अंगाच्या प्लास्टरमधून वजा करायचं, दुसऱ्या अंगातून काही नाही. तुमच्या फ्रेम बाहेरच्या अंगाला आहेत, म्हणजे आतली कड रुंद आहे आणि ती तुम्हीच केली. म्हणून खिडक्यांचे 64 तुमच्यातून जात नाहीत. फ्रेम बरोबर मध्यावर असती तर निम्मे गेले असते.

एकूण वजाबाकी 105 + 21 + 42 − 10 = 158. फ्लॅट 2,442, चार फ्लॅट 9,768 चौ. फूट. 22 ने 2,14,896 रुपये. ठेकेदाराच्या मापापेक्षा 740 फूट, म्हणजे 16,280 रुपये जास्त. खर्ची 52,500 आणि उचल 20,000 जाऊन बाकी 1,42,396.

अजून एक करा. ठेकेदाराने याच फ्लॅटचं बिल बिल्डरकडे कोणत्या मापाने लावलं ते साइट इंजिनिअरला विचारा. वर एक टेप आणि खाली दुसरा, हे चालू द्यायचं नाही.

---

ओळंबा

15,000 ला 22 ने भागा: जवळजवळ 682 चौ. फूट. म्हणजे तेवढं प्लास्टर पोकळ आहे असं त्याचं म्हणणं झालं. काढायचा खर्च आणि वाया गेलेला माल धरून आकडा लावला असेल तरी निदान चारशे फुटांच्या आसपास पोकळ दाखवता आलं पाहिजे. तोंडी आकडा मान्य करू नका.

भिंतीवर छोट्या हातोडीने किंवा सळईच्या तुकड्याने हलकं वाजवत जायचं. भद्द आवाज आला की खडूने घेरायचं. घेरलेले सगळे तुकडे दोघांच्या देखत मोजायचे, खोलीचं नाव लिहून फोटो काढायचा. जे निघेल ते गँगने दुरुस्त करून द्यावं किंवा तेवढ्याच फुटांचे पैसे सोडावेत. पुट्टी मारायच्या आधी हे झालं नाही तर नंतर कुणालाच काही सिद्ध करता येत नाही.

पोकळ कुठे आहे त्यावरून चूक कुणाची ते बरंचसं कळतं. कॉलम-बीमच्या तोंडावर सुटलं असेल तर बघा, काँक्रीटला टाचे (प्लास्टर धरावं म्हणून छिन्नीच्या खुणा) मारले होते का, आणि ते काम कुणाकडे होतं. वीट किंवा ब्लॉक आणि काँक्रीटच्या सांध्यावर सरळ रेघेत तडा असेल तर बहुतेक वेळा जाळी मारलेली नसते. जाळी ठेकेदाराने द्यायची होती. भिंतीच्या मधोमध मोठे तुकडे सुटले असतील तर भिंत न भिजवता माल मारला, किंवा पाणी घातल्यावर अर्ध्या तासाच्या पुढे गेलेला माल पुन्हा पाणी टाकून वापरला, हे गँगकडे येतं. बारीक जाळीसारखे तडे सगळीकडे असतील तर क्रश सँडमध्ये भुकटी जास्त आहे किंवा पाणी कमी पडलं. सात दिवस पाणी मारणं तुमच्याकडे होतं, त्यामुळे तिथे गँगलाही उत्तर द्यावं लागेल.

जाडीचंही विचारा. 22 चा दर किती जाडीसाठी होता? भिंत ओळंब्यात (सरळ उभी) नसली की 12-15 मिमीच्या जागी 25-30 मिमी भरावं लागतं. ते एका हातात होत नाही: पहिला हात मारून खरवडून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी वरचा. वेळ दुप्पट जातो आणि दर तोच राहतो. एका दमात जाड मारलं की तेच पुढे पोकळ वाजतं. ब्लॉकचं काम वाकडं कुणी केलं आणि दंड कुणाला बसतो, हे इंजिनिअरसमोर बोललं पाहिजे.

---

हजेरीपट

आधी हे बघा की उक्तं गँगला परवडलं का. हजेरी (दिवसाची मजुरी) गवंड्याची 1,000 आणि बिगाऱ्याची 700 धरली तर गँगचा दिवस 5,800 ला पडतो. 22 च्या दराने दिवसाला 264 फूट निघाले की हजेरी सुटते. तुमचे 325 च्या वर निघाले, काम चांगलं झालंय. पण ठेकेदार म्हणतो ते घेतलं तर खर्ची-उचल धरून एकूण 1,73,685 होतात आणि 30 दिवसांची हजेरीच 1,74,000 आहे. बसलेले 4 दिवस धरले तर 23,515 रुपये आतबट्ट्यात. उक्त्यात जोखीम गँगने घ्यायची आणि कमाई ठेकेदाराने कापायची, असा हा हिशेब आहे.

आता कायद्याचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता 2019 लागू आहे. तुमचं प्रकरण तिच्यात कसं बसतं ते एका प्रश्नावर ठरेल: गँगच्या म्होरक्या मिस्त्रीने उक्तं स्वतःच्या नावावर घेऊन बाकीच्यांना हजेरी दिली, की सगळ्यांनी मिळून घेऊन वाटून घ्यायचं ठरलं होतं?

पहिलं असेल तर मिस्त्री हाच छोटा ठेकेदार ठरू शकतो. मग मजुरांची हजेरी ही मजुरी, आणि वरचा पैसा म्हणजे मिस्त्रीचं बिल. त्यासाठी त्याला वेगळा दिवाणी दावा करावा लागेल. दुसरं असेल तर 22 चा दर हाच सातही जणांचा मजुरीचा दर, आणि पूर्ण 1,42,396 मजुरी म्हणून मागता येतात.

---

थापी_परभणी

वाटून घ्यायचं ठरलं होतं. मिस्त्री कमिशन घेत नाही. गवंड्याचा एक वाटा, बिगाऱ्याचा पाऊण नाही, 0.7. हजेरीवही आहे, खर्ची फोनपेवर आली. चिठ्ठी नाही, पण 22 चा दर ठेकेदाराने व्हॉट्सॲपवर लिहिला आहे. तो आता म्हणतो, बिल्डरने बिल पास केलं नाही.

---

हजेरीपट

मग बाजू चांगली आहे. बिल्डरचं बिल अडलं हे मजुरी न द्यायचं कारण होत नाही. काम संपवून माणूस सोडला की दोन कामाच्या दिवसांत मजुरी चुकती करायची असते (कलम 17). मजुरीतून काय कापता येतं त्याची यादी कलम 18 मध्ये आहे. दिलेली उचल त्यात बसते, पण 'राखीव 5 टक्के' त्यात नाही. ते ठेकेदाराच्या बिलातून कापतात, मजुराच्या मजुरीतून नाही. पोकळसारख्या नुकसानीचं कापायचं तरी आधी कारण दाखवून मजुराचं म्हणणं ऐकावं लागतं.

वाटे काढा: 3×1 + 4×0.7 = 5.8, तीस दिवसांचे 174 वाटे. 2,14,896 भागिले 174 म्हणजे दिवसाला गवंड्याचे 1,235 आणि बिगाऱ्याचे साधारण 864.50. कुणाचा खाडा असेल तर त्याचे दिवस कमी करून पुन्हा मांडा. तीस दिवस भरलेल्या गवंड्याचे 37,051, खर्चीचे 7,500 जाऊन 29,551. बिगाऱ्याचे 25,936, खर्ची जाऊन 18,436. उचल ज्याने घेतली त्याच्याच नावावर घाला, सगळ्यांवर सारखी पसरू नका.

हाच तक्ता करून सातही जणांच्या सह्या-अंगठे घ्या आणि ठेकेदाराला व्हॉट्सॲपवर व स्पीड पोस्टाने पाठवा. एक प्रत मुख्य ठेकेदाराला आणि एक बिल्डरला. साइटच्या बोर्डावर महारेरा नंबर आणि क्यूआर कोड असतो. त्यावरून बिल्डरचं नोंदलेलं नाव-पत्ता मिळतो. ही प्रत महत्त्वाची, कारण मजुरी देणाऱ्याने दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी आस्थापनेच्या मालकावर येते (कलम 43).

तरी नाही दिली तर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज. सातही जणांचा एकच अर्ज चालतो, मुदत तीन वर्षं. मजुरी दिली हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची असते (कलम 59). तुम्हाला मात्र त्या साइटवर होता हे दाखवावं लागेल: गेट रजिस्टर, सेफ्टीच्या ट्रेनिंगची सही, फोनपेच्या नोंदी, मोबाइलमधले तारखेचे फोटो. अधिकारी मागणीच्या दहा पटीपर्यंत भरपाई लावू शकतो, आणि हे ठेकेदाराला पत्रात लिहून कळवलं की बरीच प्रकरणं कार्यालयाच्या दारात जायच्या आधीच मिटतात.

रोख पैसे देऊन 'पूर्ण हिशेब मिटला' अशा कागदावर सही मागतील. पूर्ण रक्कम मिळेपर्यंत ती करू नका. अर्धी घेतली तर सहीजवळच 'हिशेबापोटी, बाकी येणे' आणि रक्कम लिहा.

---

नाका_मंडळ

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचं कार्ड असलं तरी मंडळ मजुरी वसूल करून देत नाही, तिथे हेलपाटे घालू नका. पण ज्यांचं कार्ड नाही त्यांनी या कामाचा उपयोग करून घ्यावा. नोंदणीला मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस बांधकाम केल्याचा दाखला लागतो, वय 18 ते 60. हे 30 दिवस त्यात धरता येतात. ठेकेदार भांडणामुळे दाखला देणार नाही, म्हणून तो हिशेबाच्या बोलणीतच मागून घ्या. आणि एजंटला हजार-दोन हजार देऊ नका, नोंदणीला तेवढा खर्च येत नाही.

---

मापवही

पुढच्या उक्त्याआधी एक पानाची चिठ्ठी करा. कुठली खोली, किती जाडीपर्यंत कोणता दर, त्याच्या वर गेलं तर जादा किती. ओपनिंग आयएस 1200 प्रमाणे. टाचे, जाळी, खाचा भरणं कुणाकडे. दुसऱ्या मजल्याच्या वर माल चढवायला वेगळे पैसे किती. माल न आल्याने बसावं लागलं तर त्या दिवसाची किती हजेरी. ठेकेदार सही करत नसेल तर हेच व्हॉट्सॲपवर पाठवून त्याचा 'हो' घ्या आणि मगच पहाड बांधा. माप शेवटी एकदम घेऊ नका. फ्लॅट पुरा झाला की पुट्टीवाला आत शिरायच्या आधी इंजिनिअरसोबत टेप लावून वहीत सही घ्या, त्या फ्लॅटचं पोकळही तेव्हाच वाजवून घ्या.

आत्ताच्या चार फ्लॅटमध्ये पुट्टी झाली नसेल तर उद्याच जा.