बटण अकॉर्डियनचं रेकॉर्डिंग : बटणांची खटखट कशी कमी करू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी आयर्लंडमध्ये, क्लेअर परगण्यात राहतो. शेजारचे आजोबा बी/सी बटण अकॉर्डियनवर (बटणांच्या दोन ओळी, एक बी सुराची, एक सी सुराची) रील आणि जिग या आयरिश नाचाच्या चाली अप्रतिम वाजवतात. त्यांच्याकडच्या चाली नीट जपून ठेवायची माझी फार इच्छा आहे.

या वाद्यात एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं, ओढताना दुसरा. त्यामुळे भाता सतत दिशा बदलतो, आणि रीलच्या वेगात बटणांची खटखट सुरांच्या बरोबरीने ऐकू येते. एक कंडेन्सर माइक उजव्या हातासमोर फूटभर अंतरावर ठेवला होता. तीन फुटांवर नेला तर खटखट कमी झाली, पण खोलीचा घुमारा वाढला. बेसची, म्हणजे खालच्या सुरांची, डावी बाजू भात्यासोबत हलते, म्हणून बेसचा आवाजही कमीजास्त होतो.

दोन माइक लावावेत का? किती अंतरावर? हार्मोनियम रेकॉर्ड करणाऱ्यांचा अनुभव इथे नक्की उपयोगी पडेल. आणि हो, लाकडी जमिनीवर ते पायाने ठेका धरतात. तो मला घालवायचा नाही, नाचाची लय त्यातच आहे. फक्त माइकच्या स्टँडमधून येणारा धपधप आवाज थांबवायचा आहे.