नकाशा ‘आपसूक’ ताजा होत नाही, साहेब

गेवराईकर
काल ग्रुपवर एक पोस्ट फिरत होती: ‘विनाचालक गाडीचा नकाशा आपसूक ताजा होतो, रस्ता बदलला की गाडीला लगेच कळतं. आता मराठवाड्यातही या गाड्या धावणार.’ वाचून राहवलं नाही.

आपसूक काही होत नसतं. विनाचालक टॅक्सी चालवणाऱ्या अमेरिकेतल्या वेमो कंपनीचंच घ्या. शहरात सेवा सुरू करायच्या आधी माणसं गाड्या चालवत गल्लीबोळ पालथे घालतात. लायडारनं, म्हणजे लेझरनं अंतर मोजणाऱ्या सेन्सरनं, फुटपाथची कड, लेन, सिग्नल सगळं टिपतात. नंतर प्रत्येक गाडी समोर दिसतंय ते नकाशाशी ताडते. फरक सापडला की कळवते, मग ते बाकीच्या गाड्यांना मिळतं. फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्कोत हे जमतं, कारण एकाच चौकातून त्यांच्या गाड्या दिवसभर जातात. आमच्या तांड्याच्या रस्त्यावर दोन एसट्या आणि चार ट्रॅक्टर. तिथं फरक कळवणार कोण?

मागच्या पावसाळ्यात रात्री अकराला बीडहून येत होतो. फोन म्हणतोय सरळ जा. समोर बाभळीची फांदी आडवी, तिच्यावर दोन दगड. पलीकडं पूल उखडलेला, खाली पाणी. फलक नाही, दिवा नाही. लेकरं मागच्या सीटवर झोपलेली होती. फांदी बघून मी ब्रेक मारला, फोन शेवटपर्यंत सरळच म्हणत होता.

मोंढा_जालना
दादा, अनुभव खरा, पण काढलेला अर्थ चुकीचा. स्वतःचाच ताफा लागतो असं कुठंय? मोबिलआय ही कंपनी माणसानं चालवलेल्या साध्या गाड्यांच्या पुढच्या कॅमेऱ्यातून माहिती गोळा करते. व्हिडिओ नाही, रस्त्याच्या खुणा तेवढ्या. किलोमीटरला साधारण 10 केबी. टेस्ला तर असा बारीक नकाशा आधी बनवतच नाही, कॅमेऱ्याला दिसेल तशी चालते. समृद्धीवर रात्रंदिवस गाड्या आहेत. तिथं का नाही जमणार?

गेवराईकर
समृद्धी 701 किलोमीटर, तोही नागपूर ते मुंबई मिळून. त्याच्या बाहेर मराठवाडा नाही का? पांढरा पट्टाच नाही, कडेची काळी माती पहिल्या पावसात खचते, तिथं कॅमेरा कसल्या खुणा पाठवणार?

लातूरचा_सर्वेअर
परवानगीचं कुणीच बोलेना. फेब्रुवारी 2021 च्या केंद्राच्या नियमांनुसार रस्त्यावर गाडी फिरवून मोजणी भारतीय संस्थेनंच करायची. एक मीटरपेक्षा बारीक अचूकतेचा नकाशाही परदेशी कंपनीला स्वतः बनवता येत नाही, भारतीय कंपनीकडून परवान्यानं घ्यावा लागतो. मी स्वतः मोजणीत आहे. हे काम इथल्या पोरांना मिळू शकतं.

स्टेअरिंग_परभणी
इथल्या पोरांना काम? आणि आमचं काय? 19 वर्षं ट्रक चालवतोय. दुष्काळात शेती गेली, स्टेअरिंगनं घर तारलं. गडकरींनी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं, ड्रायव्हरच्या नोकऱ्या जातील म्हणून असल्या गाड्या येऊ देणार नाही. बरोबर बोलले.

मोंढा_जालना
ट्रॅक्टर आला तेव्हाही बैलवाले हेच म्हणत होते. सलग 16 तास गाडी हाकून डोळा लागतो, अपघात होतात, त्याचं काय?

स्टेअरिंग_परभणी
डोळा लागतो तो मालक दुसरा ड्रायव्हर देत नाही म्हणून. तुम्ही एक रात्र केबिनमध्ये बसा, मग शिकवा. माझा मेव्हणा रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकून गेला. त्याला झोपाळू म्हणता का?

मोंढा_जालना
तसं म्हणायचं नव्हतं. माफ करा.

लातूरचा_सर्वेअर
ट्रॉलीचं निघालंच आहे तर सांगतो. ती नकाशात कधीच येणार नाही. हलणारी वस्तू नकाशाची नसतेच, ती सेन्सरनं त्या क्षणी ओळखायची. गेवराईकर, तुमची फांदीही तशीच. पूल बंद, हे मात्र नकाशात यायला हवं. त्यासाठी काम सुरू करतानाच ठेकेदारानं कळवलं पाहिजे.

स्टेअरिंग_परभणी
आम्ही कळवतोच की. समोरून येणारा डिपर मारतो, ढाब्यावर कुणीतरी सांगतं ‘पुलाकडून जाऊ नको’. माजलगावला कळलेलं रातोरात पाथरीत पोचतं.

मोंढा_जालना
ताफ्यातल्या गाड्या एकमेकींना हेच तर कळवतात.

गेवराईकर
बरं, पद्धत तीच, एवढं मान्य. पण डिपर मारायला समोरून कुणीतरी यावं लागतं. त्या रात्री पुलापर्यंत मला एकही गाडी भेटली नाही.

स्टेअरिंग_परभणी
कोणता पूल, शाळेच्या वळणापुढचा? परवा तिथूनच आलो. काम तसंच पडलंय. फांदी वाळून बाजूला झालीय. रात्री कुणी येत असेल तर अलीकडच्या गावातून वळा.