कोहो सॅमन अंडी घालण्याआधीच का मरतात? सिॲटलच्या ओढ्यावरील एक शंका

ओढाकाठ (प्रश्न)

नमस्कार. गेली सहा वर्षे मी पश्चिम सिॲटलमध्ये राहते. घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर लाँगफेलो नावाचा ओढा आहे आणि समुद्रातून परतणारे कोहो सॅमन पाहायला दर शरद ऋतूत मी मुलीला तिथे घेऊन जाते. या वर्षी पहिला मोठा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हांला एक मादी पाण्याच्या अगदी वर वेडीवाकडी फिरताना दिसली. तोंड उघडे, छातीचे पर ताठ पसरलेले. मध्येच कुशीवर कलंडायची, पुन्हा सावरायची. दुपारी पाहिले तेव्हा ती काठाशी मरून पडली होती. मोजणी करणाऱ्या स्वयंसेवकांनी तिचे पोट चिरले, तर गाबोळी जशीच्या तशी भरलेली होती. मटाराएवढे नारिंगी दाणे, एकही बाहेर पडलेला नव्हता. अंगावर जखम नव्हती आणि खवलेही चकचकीत होते.

पॅसिफिक सॅमन अंडी घातल्यावर मरतात, हे मी मुलीला आधीच सांगून ठेवले होते. पण हे मरण त्यातले नव्हे, एवढे आम्हां दोघींनाही कळले. हा रोग आहे की पाण्यात प्राणवायू कमी पडतो? मुलीचा प्रश्न वेगळाच आहे: इथे मरायला होते, तर ते दुसऱ्या ओढ्यात का जात नाहीत? जाणकारांनी कृपया सांगावे.

जलरसायन

आपण सांगितलेली लक्षणे इतकी नेमकी आहेत की कारणाबद्दल मला शंका वाटत नाही. हा रोग नाही. त्या मादीला रस्त्यावरून वाहून आलेल्या पाण्याची विषबाधा झाली होती.

सिॲटल परिसरातील काही ओढे १९९० च्या दशकात मोठ्या कष्टाने दुरुस्त करण्यात आले, आणि त्यानंतरच्या पाहणीत परतलेले कोहो असे तडफडून मरताना आढळू लागले. तुमच्याच लाँगफेलो ओढ्यावर २००२ ते २००९ या काळात हंगामभर रोज पाहणी झाली. त्यात दर वर्षी परतलेल्या कोहोंपैकी ६० ते १०० टक्के मासे विणीआधीच मेल्याचे दिसले. शहरापासून दूर असलेल्या फोर्टसन ओढ्यात हेच प्रमाण एका टक्क्याहून कमी होते. पाण्याचे तापमान, विरघळलेला प्राणवायू, रोगजंतू, कीटकनाशके, जड धातू अशा एकेका संशयिताची तपासणी झाली आणि एकावरही दोष सिद्ध झाला नाही. रस्त्यावरच्या पाण्यात सापडणारे धातू आणि तेलातील हायड्रोकार्बन प्रयोगशाळेत मिसळून त्या पाण्यात कोहो ठेवले, तर ते जगले; महामार्गावरून गोळा केलेल्या खऱ्या पाण्यात ठेवले, तर काही तासांत मेले. म्हणजे मारेकरी त्या पाण्यातच होता, पण कोणाच्याही यादीत नव्हता.

टॅकोमा येथील संशोधकांनी टायरचे रबर किसून पाण्यात भिजवले, तेव्हा ते पाणीही तितकेच जहाल निघाले. त्यातील सुमारे दोन हजार रसायनांतून गाळत गाळत ते एकाच पदार्थापाशी पोचले. त्याच्या रेणूत १८ कार्बन, २२ हायड्रोजन, २ नायट्रोजन आणि २ ऑक्सिजन अणू होते. असा पदार्थ टायरमध्ये कोणी घालत नाही, म्हणून तो ओळखू येईना. उलगडा झाला तो असा: ओझोनमुळे रबराला भेगा पडू नयेत म्हणून टायरमध्ये ६-पीपीडी नावाचे रसायन घालतात, त्याची ओझोनशी अभिक्रिया झाली की ६-पीपीडी-क्विनोन तयार होते, आणि तोच हा पदार्थ. हे संशोधन डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०२२ मधील सुधारित मोजणीनुसार एका लिटरात केवळ ९५ नॅनोग्रॅम एवढे प्रमाण कोहोंच्या पिल्लांपैकी निम्मी मारायला पुरते. पंचवीस लाख लिटरच्या ऑलिंपिक तलावात पाव ग्रॅमही लागत नाही.

आपल्याकडे पहिल्या पावसात रस्ता निसरडा होतो, कारण महिनोन्महिने साचलेले तेल आणि टायरची भुकटी एकदम सुटते. तिथेही उन्हाळा कोरडा जातो, शरदात पहिला जोरदार पाऊस पडतो, आणि ओढ्याला पाणी चढले की वर निघायचे ही कोहोंची रीतही नेमकी तेव्हाचीच आहे. ज्या पाण्याची ते वाट पाहत असतात, तेच पाणी हे विष घेऊन येते.

खवले

एक भर घालतो. त्याच सिॲटलमधील पायपर्स ओढ्यात चम सॅमन दर वर्षी येतात आणि अंडी घालतात. प्रयोगशाळेतही कोहोंना मारणाऱ्या पाण्यात चम सुखरूप राहिले. दोन्ही जाती एकाच प्रजातिकुळातल्या, तरी एवढा फरक आहे, आणि संशोधकांना तो अजून छळतो. बाधा झालेल्या कोहोंच्या पिल्लांत रक्तवाहिन्या गळू लागून रक्तद्रव मेंदूच्या ऊतींत झिरपल्याचे दिसले आहे. तोल जाणे आणि दिशा हरवणे त्याच्याशी जुळते. रेनबो ट्राउट कोहोंइतकी नाजूक नसली, तरी एका लिटरात सुमारे एक मायक्रोग्रॅम तिलाही घातक ठरते. काश्मीर आणि हिमाचलात आपण वाढवतो ती हीच ट्राउट, मूळची पॅसिफिक किनाऱ्याची.

मुलीच्या प्रश्नाविषयी: सॅमन जन्माच्या ओढ्याचा वास लक्षात ठेवतात, हा विचार हॅस्लर आणि विस्बी यांनी १९५१ मध्ये मांडला. पुढे मिशिगन सरोवरात कोहोंच्या पिल्लांना मॉर्फोलिन या रसायनाचा वास लावून सोडण्यात आले, आणि दीड वर्षाने ते मासे मॉर्फोलिन सोडलेल्या ओढ्याकडेच वळले. थोडे मासे वाट चुकून दुसरीकडे जातात, पण बहुतेक आपल्याच ओढ्याकडे येतात. मुलीला हे सांगताना मासा चुकला असे कृपया सांगू नका. त्याने आपले काम चोख केलेले असते.

ओढाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. माझ्या मुलीच्या शाळेत मत्स्यबीज वाढवून ओढ्यात सोडतात. अशी पिल्ले जास्त संख्येने सोडली, तर ही हानी भरून निघेल का?

बोटुकली

शाळेचा उपक्रम जरूर चालू राहावा. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने पिल्लू सोडले, ते मूल पुढे त्या ओढ्याकडे पाठ फिरवत नाही. परंतु हानी त्याने भरून निघणार नाही. कोहोंची पिल्ले समुद्रात जाण्याआधी वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ ओढ्यातच काढतात, त्यामुळे प्रत्येक पावसाचे पाणी त्यांच्याही अंगावरून जाते, आणि जी मोठी होऊन परततील त्यांचे तेच होईल, जे तुम्ही पाहिले. शिवाय बंदिस्त वाढवलेल्या माशांची स्वतःची अडचण आहे. ओरेगनच्या हूड नदीत स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन येणाऱ्या रेनबो ट्राउटवर झालेल्या अभ्यासात, केंद्रात काढलेल्या प्रत्येक पिढीगणिक नदीतील प्रजननाचे यश सुमारे ४० टक्क्यांनी घटलेले आढळले. तो अभ्यास २००७ चा आहे.

उपाय पाण्यावर करायला हवा, आणि तो जुन्या माणसांना ओळखीचा वाटेल असा आहे: पाणी मातीतून जिरू द्यायचे. महामार्गाचे तेच जहाल पाणी वाळू, कंपोस्ट आणि झाडाच्या सालीचा भुगा यांच्या थरातून गाळून घेतले, तेव्हा त्यात ठेवलेल्या मोठ्या कोहोंपैकी एकही दगावला नाही. टायरमधील रसायन बदलण्याची मागणीही उभी राहिली आहे. युरोक, पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम आणि पुयालप या तीन आदिवासी राष्ट्रांनी २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे अर्ज केला आणि त्याच वर्षी तो दाखल करून घेतला गेला. मात्र भेगा पडलेले टायर रस्त्यावर फुटतात, म्हणून तितकाच भरवशाचा पर्याय मिळेपर्यंत हे काम रेंगाळणार, आणि तोवर मातीवाचून गत्यंतर नाही.

फ्रीमाँट भागात ऑरोरा पुलाखाली असे मातीचे चर केलेले आहेत. पुलावरचे पाणी नळांतून खाली उतरते आणि कालव्यात जाण्याआधी झाडांच्या मुळांतून झिरपते. पावसाच्या दिवशी मुलीला घेऊन तिथे जा आणि चरात शिरणारे काळपट पाणी तिला दाखवा.