‘वंश’ म्हणजे कुळ की रेस? नोहाच्या तीन मुलांवरून एक प्रश्न

प्रश्न

बायबलवरच्या एका छोट्या मराठी पुस्तिकेचं मुद्रितशोधन करते आहे. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात नोहाच्या तीन मुलांची वंशावळ आहे, त्याबद्दल त्यात असं वाक्य आहे: ‘जलप्रलयानंतर शेम, हाम व याफेथ या तिघांपासून जगातले सर्व वंश निर्माण झाले.’ मी ‘वंश’खाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि घरात वाद पेटला. मुलगा म्हणतो, प्रलयातून वाचलेल्या नोहाच्या तारवातल्या, म्हणजे जहाजातल्या, आठ माणसांपासून साडेचार हजार वर्षांत नायजेरियन, जपानी, स्वीडिश असे सगळे कसे होतील? सासरे म्हणतात, पवित्र शास्त्रात ज्याची वंशावळ दिली आहे ते वंश झालेच. दोघं एकच शब्द वापरतात, पण बोलतात वेगळ्याच गोष्टींबद्दल, असं मला वाटतं. इथे कोणता शब्द घालावा? कुळ, जमात, राष्ट्र?

प्रतिसाद १

ताई, रेघ बरोबर जागी ओढलीत. ‘वंश’ म्हणजे मुळात बांबू, कळक. पेरावर पेर चढत जातं तसा बाप, मुलगा, नातू. वंशावळ, निर्वंश, वंशाचा दिवा, सूर्यवंश, सगळीकडे अर्थ एकच: कोण कोणाच्या पोटचा. कातडीचा रंग आणि नाकाची ठेवण त्यात कुठेच येत नाही. पुढे इंग्रजी ‘रेस’साठी आपण हाच शब्द लावला आणि वंशवाद, वंशभेद, वांशिक दंगल ही नवी पिलावळ तयार झाली. गंमत अशी की ‘रेस’चाही जुना अर्थ संतती, घराणं हाच होता. दोन्ही भाषांत शब्द एकाच उतारावरून घसरला.

आता दहावा अध्याय. तिन्ही मुलांच्या याद्या संपताना हिब्रूत चार शब्द येतात: मिश्पाहा म्हणजे कुळ, लाशोन म्हणजे जीभ आणि म्हणून भाषा, एरेत्स म्हणजे भूमी, गोय म्हणजे जनसमूह किंवा राष्ट्र. दिसण्याबद्दल एक अक्षर नाही. शिवाय कनान बघा. कनानी लोकांची भाषा हिब्रूची सख्खी बहीण, तरी त्यांना घातलंय हामच्या यादीत, मिसराईम म्हणजे इजिप्तच्या शेजारी. आजच्या भाषाशास्त्रात कनानी ‘सेमिटिक’, म्हणजे शेमच्या नावाच्या, कुटुंबात येते. (हे नाव श्लोत्सर या जर्मन विद्वानाने १७८१ साली वापरात आणलं.) तेव्हा ही यादी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शेजारपाजारची राज्यं, मैत्री आणि वैर होतं. तिथे ‘कुळं’ लिहा.

प्रतिसाद २

‘कुळं’ला माझा पूर्ण पाठिंबा, आणि कारण निव्वळ भाषेचं नाही. हा शब्द ‘रेस’च्या अर्थाने वाचल्यामुळे माणसं मेली आहेत.

नवव्या अध्यायात नोहा शाप देतो तो कनानला, हामला नाही. तरीही ‘हामचा शाप’ हा शब्दप्रयोग रूढ झाला, हाम म्हणजे काळा माणूस असं समीकरण बसवलं गेलं आणि अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या समर्थकांनी व्यासपीठावरून तेच सांगितलं. दुसरीकडे १७९२ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीसमोर बोलताना विल्यम जोन्सने हिंदूंनाही हामच्याच शाखेत बसवलं, ग्रीक-रोमनांच्या सोबत! म्हणजे ज्या नावाने एकाला बेड्या पडल्या, त्याच नावाने दुसऱ्याला प्राचीन संस्कृतीचा मान. मग १८६३ साली स्पीक हा प्रवासी लिहितो की मध्य आफ्रिकेतले राज्यकर्ते हे बाहेरून आलेले, वरच्या दर्जाचे लोक. त्यातून ‘हॅमिटिक’ सिद्धान्त फोफावला: हे वरचढ लोक हामच्या कुळातले, आणि रवांडातले तुत्सी त्यांच्यापैकी. रवांडात बेल्जियन सरकारने १९३०च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू की तुत्सी, म्हणजे तिथल्या दोन मोठ्या समाजांपैकी कोणता, अशी नोंद सक्तीची केली आणि १९९४ साली तीच ओळखपत्रं रस्त्यारस्त्यावर तपासून माणसं मारली गेली. भाषाशास्त्राने ‘हॅमिटिक’ हा गट केव्हाच मोडीत काढला होता. शब्द मात्र लोकांच्या डोक्यात राहिला.

प्रतिसाद ३

तुमच्या मुलाच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून मी लिहितो. शब्द ‘कुळं’ केला तरी प्रश्न उरतोच.

त्याला सांगा, रंगावरून भांडू नकोस, तो मुद्दा लंगडा आहे. कातडीचा रंग थोड्या जनुकांवर चालतो आणि नैसर्गिक निवडीचा जोर असला तर काही हजार वर्षांत बराच बदलतो. खरी अडचण न दिसणाऱ्या वैविध्यात आहे. तारवात माणसं आठ, पण तिघं मुलगे नोहा आणि त्याच्या बायकोचेच. म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र माणसं पाचच: नोहा, त्याची बायको आणि तीन सुना. प्रत्येकाकडे एका जनुकाच्या दोन प्रती, म्हणून एका जागी जास्तीत जास्त दहा प्रकार. आणि आपल्या प्रतिकारशक्तीच्या एचएलए जनुकांत एकेका जागी हजारो प्रकार नोंदले गेले आहेत. त्यांतले बरेच ताजे बदल असतील, पण जे एकमेकांपासून खूप वेगळे आहेत ते साडेचार हजार वर्षांत, म्हणजे दीडशे-दोनशे पिढ्यांत, तयार होत नाहीत. सर्वात जास्त वैविध्य आफ्रिकेत आहे, तारू जिथे टेकलं त्या अराराटच्या आसपास नाही. आणि लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञाने १९७२ साली दाखवलं की माणसामाणसांतला सुमारे ८५ टक्के फरक एकेका समूहाच्या आतच असतो. ‘रेस’ या अर्थाचा वंश तिथेच पातळ होतो.

काळाचंही जुळत नाही. आर्चबिशप अशरच्या गणिताने प्रलय इसवीसनपूर्व २३४८ चा. इजिप्तमधला खुफूचा पिरॅमिड त्याच्या दोनेकशे वर्षं आधीचा. हडप्पा आणि मोहेंजोदडो तेव्हा नांदती शहरं होती आणि नंतरही काही शतकं नांदत राहिली.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. इजिप्तचा राजा पहिला सेती याच्या थडग्यात, इसवीसनपूर्व १२७९ च्या आगेमागे, चार प्रकारची माणसं वेगवेगळ्या रंगांत रंगवलेली आहेत. ‘प्रलयानंतरच्या हजार वर्षांत एवढा फरक कसा पडेल?’ हाच सवाल १८५४ साली अमेरिकेत नॉट आणि ग्लिडन या लेखकांनी केला, आणि उत्तर काढलं की काळे-गोरे मुळातच वेगळे. त्याच वर्षी फ्रेडरिक डग्लसने एका महाविद्यालयात भाषण करून हे खोडलं. स्वतः गुलामगिरीतून पळालेला हा माणूस मानवजात एक आहे या बाजूने उभा राहिला, आणि ती बाजू बायबलचीही होती. मला हा इतिहास वाचताना दर वेळी थांबावं लागतं. नोहाची गोष्ट इतिहास म्हणून मला पटत नाही, पण तिच्यातलं ‘सगळे एकाच घरचे’ हे म्हणणं जनुकशास्त्राने वेगळ्या वाटेने, लाख-दोन लाख वर्षं मागे जाऊन, खरं ठरवलं आहे.

प्रतिसाद ४

सासऱ्यांच्या बाजूने दोन शब्द. मीही श्रद्धेने वाचणारा आहे.

‘जलप्रलय’ हा शब्द ज्याने निवडला त्याला दाद द्यावीशी वाटते. हिब्रूत ‘मब्बूल’ हा शब्द नोहाच्या कथेबाहेर फक्त एका स्तोत्रात येतो. नदीच्या पुराला तो लावत नाहीत. मराठीतही पूर कृष्णेला येतो, प्रलय सृष्टीचा होतो. म्हणजे शब्दच सांगतो की ही हवामानाची नोंद नव्हे.

थोडक्या जोडप्यांपासून समाज उभा राहण्याची गोष्ट तर आपल्या कोकणातच आहे. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांच्यापासून बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, हे तो समाज पिढ्यान्‌पिढ्या मराठीत सांगत आला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनवार तेली’. ही गोष्ट ते आपण कोणाचे हे सांगायला सांगतात, नाकडोळे कसे हे सांगायला नाही.

आणि ‘मानव’ शब्द विसरू नका. मनूचा तो मानव. शतपथ ब्राह्मणातला हा मनू माशाने वाचवलेला, प्रलयातून एकटा उरलेला. ‘आदमी’ आदमपासून. मराठी माणूस दिवसातून दहा वेळा दोन्ही शब्द बोलतो.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. वाक्य असं केलं आहे: ‘जलप्रलयानंतर शेम, हाम व याफेथ यांच्यापासून निरनिराळी कुळे व राष्ट्रे विस्तारली, असे हा अध्याय सांगतो.’ शेवटचे चार शब्द मुलाच्या आग्रहाने घातले, ‘कुळे’ सासऱ्यांनी आनंदाने मान्य केलं. ‘गोय’साठी ‘राष्ट्रे’ अजून खटकतं, कारण राष्ट्र म्हटलं की झेंडा आणि सीमा डोळ्यांसमोर येतात. कोणाला ‘लोकसमूह’पेक्षा कमी कोरडा शब्द सुचतो का? पुस्तिका सोमवारी छपाईला जाते.